ग्लेनिसबाईंचा निळा थेंब

ग्लेनिसबाईंनी तासभर थेंबथेंब जमवलेला द्रवरूप ऑक्सिजन मी कोपराने लवंडला, तेव्हा माझ्या हातात पालकांसाठी भाजलेल्या सॉसेजचा ट्रे होता. क्षणभर धूर, मग काहीच नाही.

ग्लेनिस हॅथर्ली म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या आमच्या व्हायला गावच्या शाळेतलं रसायनशास्त्र. मी पीटीचा मास्तर. तेलकट हातांनी ऑक्सिजनजवळ यायचं नाही, हा त्यांचा कायदा. मुख्याध्यापक डॅरिलने बाईंना बजावलं होतं, "आज पालकांसमोर दहा पोरांनी नाव दिलं नाही, तर अकरावीचं रसायन बंद. तू स्वयंपाकाचा तास घ्यायचास."

बाई बाहेर पालकांशी बोलत होत्या. मी गुपचूप शेजारचा, ऑक्सिजन थंड करायला आणलेला द्रव नायट्रोजन चंबूत ओतला. शेवटी दोन्ही हवाच की!

बाईंनी आत येऊन तो सगळ्यांसमोर चुंबकाच्या दोन टोकांमध्ये ओतला. ऑक्सिजन असता तर तिथेच लटकला असता. सरळ खाली गेला.

"ग्लेनिस, चुंबक संपावर गेलंय का?" एका पोराचा बाप ओरडला. हशा पिकला. डॅरिल स्वयंपाकघराकडे बघू लागला.

बाईंनी चंबू उजेडात धरला. निळसर झाक नाही. मग माझ्याकडे पाहिलं. मी सॉसेजकडे.

"हा नायट्रोजन," त्या शांतपणे म्हणाल्या. "दोन अणू जुळले की इलेक्ट्रॉनांच्या खोल्याही मिसळतात. खालच्या खोल्या अणूंना बांधतात, वरच्या बंध सैल करतात. याचे सगळे इलेक्ट्रॉन जोडीने बसलेत, वरच्या दोन जुळ्या खोल्या रिकाम्या. म्हणून बंध घट्ट, आणि चुंबकाला हा भीक घालत नाही. ऑक्सिजनकडे दोन इलेक्ट्रॉन जास्त. ते जातात त्या वरच्या खोल्यांत. कॅरव्हॅन पार्कात झोपायच्या दोन सारख्याच गाड्या रिकाम्या असल्या, तर दोन अनोळखी ड्रायव्हर एकीत झोपतील?"

"छे! माझं घोरणं कोण ऐकणार?" तोच बाप म्हणाला.

"बरोब्बर. एकेक गाडी, एकेक इलेक्ट्रॉन. बंध थोडा सैल होतो, आणि अशा एकट्यांना चुंबक ओढतं. थांबा, दाखवते."

बाईंनी नव्याने ऑक्सिजन जमवायला घेतला. सॉसेज संपले, कांदा संपला, पण कोणी हललं नाही. अखेर एक निळा थेंब चुंबकाच्या टोकांमध्ये अडकून उकळत लटकला. "अरे, धरला की!" तो बाप पोरापेक्षा मोठ्याने ओरडला. बारा नावं आली.

डॅरिल गेल्यावर मी छाती काढून म्हटलं, "ग्लेनिस, माझ्या नायट्रोजनमुळेच वर्ग वाचला, नाही का?"

"यापुढे माझ्या प्रयोगशाळेत यायचं तर हात खिशात घालून यायचं."