सिंधुदुर्ग ते कोल्हापूर, फक्त अर्धा तास

हसायचं नाही, हे आधी कबूल करा, मग सांगतो! अजून डोकं तापतं माझं.

कोल्हापूरला भाचीचं लग्न. मुहूर्त दुपारी साडेबाराचा. मी एकुलता एक मामा, म्हणजे नवरीला मांडवात आणून तिच्या पाठीशी उभं कोणी राहायचं? मीच! बायको म्हणाली, "शेजारच्या बाबल्याचो आंब्यांचो टेम्पो पाटे पाचाक कोल्हापूराक जाता. तेतूनच जावया."

टेम्पोतून? सख्खा मामा? आंब्यांच्या क्रेटबरोबर?

मी मोबाइल काढला. इंटरनेटवर स्वच्छ लिहिलं होतं: सिंधुदुर्ग विमानतळ ते कोल्हापूर विमानतळ, हवाई अंतर शंभर-एक किलोमीटर, वेळ अर्धा तास.

"बघ! तू घाटात ओकत असतलंस, तेवा मी मांडवात सरबत पित असतलंय!"

एजंटला फोन करून तिकीट मागवलं. सकाळी नऊचं विमान. नऊ अधिक अर्धा, साडेनऊ! तिकिटावर पोचायची वेळ छापलेली होती म्हणे. कशाला वाचू? अर्धा तास तोंडपाठ होता ना!

चिपीला, म्हणजे आमच्या सिंधुदुर्ग विमानतळावर, काउंटरवरच्या मुलीने दोन बोर्डिंग पास दिले.

"दोन कशाला? मी एकटाच आहे."

"सर, हैदराबादला विमान बदलायचंय ना."

"अहो बाई, कोल्हापूरच्या वाटेत हैदराबाद कधीपासून आलं?"

"थेट विमान नाहीच आहे, सर. साडेचारला पोचाल."

साडेचार! आता तुम्हीच सांगा, जिथे विमानच जात नाही तिथलं अंतर मोजतं कोण? आणि मोजलंत तर मोजलंत, वर अर्धा तास कशाला लिहिता? उद्या मालवण ते चंद्र लिहाल, मी बॅग भरून बसू?

तेव्हा आठ वाजले होते. लगेच गाडी केली असती तर धावतपळत मुहूर्त गाठला असता. पण मी तिथेच तावातावाने भांडत बसलो. मग रस्त्याने जायलाही उशीर झाला म्हणून विमानात चढलो.

हैदराबादला बसलेलो असताना बायकोचा फोन. मागे सनई.

"ओ, खंय आसात? भटजी मामाक हाक मारतत!"

"येतंय गो. अर्धो तास."

"खंयचो अर्धो तास? सकाळधरना तोच चल्लोहा!"

मुहूर्त काय मामासाठी थांबतो? क्रेट उतरवून जेवणाच्या पंगतीची वाट बघत बसलेल्या बाबल्याला माझ्या बहिणीने दंडाला धरून उभं केलं. "गावचो तो भावच!" माझ्यासाठी आणलेला फेटा त्याच्या डोक्यावर. आणि पाठवणीला रडला म्हणे असा, की खऱ्या मामालाही जमलं नसतं.

मी पोचलो तेव्हा मांडवात खुर्च्या रचत होते. भाची निघून गेली होती. वाईट वाटलं हो, खरंच. बहिणीने तर माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

परतायला टेम्पोशिवाय होतं काय? पुढे चढायला लागलो, तर बायकोने अडवलं.

"मागे बसा. हय बाबल्यामामाक मिळालेलो आहेर ठेवलोहा."

बसलो रिकाम्या क्रेटमध्ये. बाबल्याने फेट्यासकट मान बाहेर काढली.

"दादानू, घट धरून बसा हां. चार तास लागतले."