आक्काचं पहिलं यंत्र

पुण्यात आक्काच्या नावाच्या संगणक सभागृहाचं उद्घाटन होतं. मी, तिची धाकटी बहीण, पुढच्या रांगेत. पायातल्या भिजलेल्या चपलेतून ओल्या चामड्याचा वास आला आणि मी थेट आष्ट्याच्या आमच्या मळ्यात, विहिरीवरच्या चामडी मोटेपाशी पोचले.

महायुद्ध नुकतंच संपलं होतं. पलटणीतून परतलेले हवालदार काका हुकमाशिवाय पाणीसुद्धा पीत नसत. म्हणून दहा वर्षांची आक्का त्यांना कामं पाटीवर लिहून द्यायची. त्या सकाळी तिनं लिहिलं, ‘हौद भरेपर्यंत मोट हाकणे,’ आणि आम्ही दोघी शाळेत गेलो.

दुपारी येऊन बघतो तर बैलांच्या तोंडाला फेस, काका झुपकेदार मिशांसकट चिंब भिजलेले. आदल्या दिवशी हौद धुताना तळाचा बोळा काढलेला, तो परत बसवायचा राहिला होता. सगळं पाणी मिरचीच्या वाफ्यात जाऊन रोपं तरंगत होती.

आमचे वडील, आबा, काकांवर ओरडले, “आरं, दिसत न्हाई व्हय तुला?”

काका ताठ उभे राहिले. “दिसतंय की! पर हौद भरला न्हाई आन् हुकूम बदलला न्हाई.”

आबांनी पाटीवरचं आक्काचं अक्षर पाहिलं. “हिची शाळा बंद!”

आक्का रडली नाही. “काकांचं काय चुकलं न्हाई आबा. कवा थांबायचं ते मीच लिवलं न्हाई.” तिनं पाटीवर ओळ वाढवली, ‘पन्नास मोटांत हौद भरला नाही, तर थांबून विचारणे.’

काकांनी ती वाचली आणि तिला कडक सलाम ठोकला. आबांना हसू आवरेना. शाळा वाचली.

व्यासपीठावरचे पाहुणे सांगत होते, आक्कानं चालवलेलं पहिलं यंत्र खोलीएवढं होतं.

साफ खोटं. त्याला मिशा होत्या.