गॅरेजमधलं तळण

मुलाच्या इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या घरात तळणाला बंदी आहे. तेल जरा तापलं की छताचा अलार्म बोंबलतो, आणि सून म्हणते, "आई, कोट्सना वास लागतो." मी सहा महिन्यांसाठी नात सांभाळायला गेले होते. मी परतले की सुनेचे आईवडील येणार, ते गेले की पुन्हा मी. अशा पाळ्या लावलेले आजीआजोबा आमच्या पुण्याच्या सोसायटीत बरेच आहेत आणि कौतुकाने सांगतात. मला गाडी चालवता येत नाही, आणि तिथे गाडी नसलेला माणूस म्हणजे पांगळा. बाबागाडी ढकलत रेडवेवरून, म्हणजे पायी आणि सायकलवाल्यांसाठीच्या लाल रस्त्यावरून, फिरून यायचं, एवढंच. नात गोड आहे. तरी मुलगा-सून सकाळी कामाला गेले की मला कोंडून घातल्यासारखं व्हायचं.

त्या रेडवेवरच एक इटालियन आजी भेटली, तीही नातवाची बाबागाडी ढकलत. तिच्या सुनेलाही तळणाचा वास चालत नाही. पण बाई खमकी. तिने गॅरेजमध्ये विजेची शेगडी, जुनी कढई, मैद्याचा डबा असा दुसरा संसार थाटला होता. दोघींचं इंग्रजी सारखंच तोडकंमोडकं, त्यामुळे आमचं छान जमलं.

फेब्रुवारीत, त्यांच्या लेंटच्या उपासांआधी, तिने मला डोनट तळायला बोलावलं. शटर अर्धं उघडं, बाहेर नातवंडं बाबागाडीत झोपलेली. ती नेपल्सजवळची. तिकडे मैद्यात उकडलेला बटाटा मळतात, मध्ये भोक ठेवतात आणि तळून साखरेत घोळवतात. त्याला म्हणायचं ग्राफे. टस्कनीचे बोंबोलोनी बिनभोकाचे, पोटात कस्टर्ड. व्हेनिसवाले मनुका घालतात, सिसिलीत तर चक्क भात. "ते खरे नव्हेत," असं ती प्रत्येकाबद्दल म्हणाली. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. पुरणात गूळ की साखर, यावरून आमच्याकडे सोयरिकी ताणल्या गेल्या आहेत.

मी अंडं खात नाही, म्हणून तिने नाक मुरडत माझ्यासाठी वेगळा गोळा मळला. तळायला मी घेतलं आणि पुरीच्या सवयीने तेल कडकडीत तापवलं. पहिला घाणा वरून काळा, आतून कच्चा. तिने आच उतरवली. "इतकी घाई कसली तुला?"

"पुढच्या आठवड्यात घरी जायचंय," मी म्हणाले.

"परत येणार?"

"मुलगा म्हणतो, नात शाळेत जाईपर्यंत दरवर्षी ये."

"आणि तू काय म्हणतेस?"

मी काहीच म्हटलं नव्हतं. मला यायचं नव्हतं. पुण्यात माझं पोहणं आहे, वाचनालय आहे, मैत्रिणी आहेत. सहा महिने गायब राहून परतलं की मी तिथेही पाहुणीच.

"मी तीन महिन्यांसाठी आले होते," ती डोनट उलटत म्हणाली. "मग दुसरा नातू झाला. मग गावचं घर विकलं. आता गेले तरी उतरू कुठे?"

माझ्या बिनअंड्याच्या गोळ्याचे डोनट तिने ताटलीत वाढले, ते मी खाल्ले, आणि ते फार चांगले झाले होते.

त्याच संध्याकाळी जेवताना मी सांगून टाकलं. "पुढच्या वर्षी मी येणार नाही."

मुलगा चिडला असता तर मी भांडले असते. तो नुसतं "ठीक आहे, आई. तुला हवं तसं," म्हणाला आणि पोळीचा तुकडा मोडत राहिला. सून नातीचं तोंड पुसत होती.

"मग मला जॉब सोडावा लागेल," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. वरण संपलंय हे सांगावं तसं तिने ते सांगितलं. मीही जन्मभर नोकरी केलेली बाई. ती खोटं बोलत नाही हे मला कळत होतं, आणि मीही खोटं बोलले नव्हते.

दोघं माझ्याकडे बघत होती.

"बघू," मी म्हणाले, आणि त्या एका शब्दात माझं पुढचं वर्ष गेलं.