जिलेबीच्या रंगाची लोकर

कपाटात लोकर ठेवली की तिची गाठोडी आपोआप वाढतात, असा माझा अनुभव आहे. किश्श्यांचंही तसंच. आम्ही चौघी दुपारी परभणीत माझ्या स्वयंपाकघरात जमतो, विणतो, चहा पितो आणि उठताना प्रत्येकीला दुसरीचा थोडा थोडा संशय आलेला असतो! एवढ्या संशयातून किस्से होणार नाहीत तर काय होणार?

चौघी म्हणजे मी माधुरी, शाळेत शिकवणारी निर्मला, घरीच शिवणकाम करणाऱ्या शेजारच्या रेहानाभाभी आणि आमच्या मुख्य सुमनताई. सुमनताई नर्स म्हणून रिटायर झाल्या, पण तपासणी चालूच आहे. दूध हुंगून घेतात, बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख दोनदा वाचतात, आणि कुणाच्याही घरी पहिला घास घेतला की निकाल देतात, "मीठ कमी हाय."

हाच निकाल त्यांना महागात पडला. मुलगा अमोल याचं लग्न झालं, सून पल्लवीनं पहिल्यांदा स्वयंपाक केला, पाहुणे पानावर बसलेले, आणि सुमनताईंनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "मीठ कमी हाय." पल्लवी खाली मान घालून वाढत राहिली. पण त्यानंतर सासू पुण्याला त्यांच्या घरी गेली की ती बाहेरून जेवण मागवते. सुमनताईंनी हौसेनं पाठवलेले डिंकाचे लाडू सोसायटीच्या वॉचमनला गेले, हे अमोलच एकदा बोलता बोलता बोलून गेला.

मग बातमी आली की पल्लवीला दिवस गेलेत. सुमनताईंनी फोनवर स्वेटरचा विषय काढला, तर पल्लवी म्हणाली, "आई, रंगीत काही नका करू हं. बाळ सगळं तोंडात घालतं. कलरमध्ये काय केमिकल असतं कुणाला ठाऊक."

फोन ठेवून सुमनताई म्हणाल्या, "मग खायच्याच रंगानं रंगवते. चावून खाल्ला तरी चालंल असा स्वेटर करते. बगू कशी न्हाई घालत!"

 मला वाईट वाटलं. रागही आला, पण सासूचा की सुनेचा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

* * *

रंगाची सुरुवात किराणा दुकानातून झाली. एकाच आठवड्यात मी जिलेबीचा पिवळा नेला, निर्मलानं लाल नेला, भाभींनी हिरवा नेला. शेवटी सुमनताई व्हिनेगरची बाटली मागायला गेल्या, तेव्हा दुकानदारानं हातातला तराजू खाली ठेवला.

"ताई, तुमी समद्या रंगच न्यायलात. घरात नेमकं काय चाललंय?"

"लोकर शिजवायलोत," सुमनताई म्हणाल्या.

त्यानं मागं-पुढं पाहिलं, काउंटरवर वाकला आणि हळूच म्हणाला, "मला खरं सांगू नका, हरकत न्हाई. पण मिठाईत भेसळ धरली गेली तर आपल्या दुकानाचं नाव नका घेऊ!"

तेव्हापासून तो आम्हाला व्हिनेगर काळ्या पिशवीत घालून द्यायला लागला. त्यामुळं झालं काय, की आधी फक्त दुकानदाराला संशय होता, आता सगळ्या कॉलनीला आला. भर दुपारी चार बायका काळ्या पिशवीत बाटल्या घेऊन एका घरात शिरतात म्हणजे काय! समोरच्या काकूंनी तर माझ्या मिस्टरांना थांबवून विचारलं, "भाऊ, घरी सगळं ठीक हाय ना?"

* * *

पहिला प्रयोग साफ फसला. बाजारातून पांढरीशुभ्र लोकर आणली, कोमट पाण्यात भिजवली, रंग आणि व्हिनेगर घालून मंद गॅसवर ठेवली. बाहेर काढताना सुंदर पिवळी. नळाखाली धरली, तर सगळा रंग मोरीत आणि लोकर पुन्हा पांढरीशुभ्र!

सुमनताईंनी व्हिनेगरची बाटली उचलली, हुंगली आणि निर्मलाकडं पाहिलं. ही बाटली तिच्या घरून उघडूनच आलेली होती.

"यात पाणी घातलंस."

"मी कशाला पाणी घालू?"

"अर्धं वापरलं असशील लोणच्यात. आन् पाण्यानं भरून आणलीस."

निर्मला उठली, सुया पिशवीत टाकल्या आणि निघून गेली. बरेच दिवस आली नाही. खोटं कशाला बोलू, मलाही तिचाच संशय आला होता, कारण त्याच आठवड्यात तिनं आम्हाला मिरचीचं लोणचं खाऊ घातलं होतं.

उलगडा केला रेहानाभाभींनी. लोकरीच्या गुंडीवरचा कागद त्यांनी चष्मा लावून वाचला आणि कपाळावर हात मारला. "अरे अल्ला! ये तो ॲक्रेलिक है! प्लास्टिकचा धागा. रंग पकडेच कैसा?"

आम्ही गुंड्या घेऊन तरातरा लोकरीच्या दुकानात. "लोकर मागितली तर प्लास्टिक काय दिलं तुमी?"

दुकानदार शांतपणे म्हणाला, "लोकरच हाय की ती. समद्या गावाचे स्वेटर हिचेच हायत. तुमाला मेंढीची लोकर पाहिजे असंल तर मेंढीकडं जा!"

बरोबरच होतं त्याचं. आमच्याकडं विणायच्या कुठल्याही धाग्याला लोकरच म्हणतात. जन्मभर आम्ही लोकर विणतो म्हणत होतो आणि लोकरीला हात लागलेलाच नव्हता. निर्मलाची माफी मागायला सुमनताई तिच्या घरी गेल्या. तिनं चहा दिला. सुमनताईंनी घोट घेतला आणि... त्या दिवशी मात्र काहीच म्हणाल्या नाहीत.

* * *

मग गेलो आम्ही मेंढीकडं!

निर्मलाची एक मैत्रीण जिंतूरकडच्या शाळेत आहे. तिनं एका धनगर आजोबांचा पत्ता काढला. एसटीनं गेलो, तिथून फाट्यापासून चालत. आजोबा हातानं सूत कातत बसले होते. सूत काळंभोर.

"कशाला पाहिजे?" त्यांनी विचारलं.

"रंगवायला."

"कंचा रंग?"

"पिवळा."

आजोबांनी सुताकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं. "बाई, हिला घोंगडं व्हायचंय. तुमी हिला हळद कशापायी लावायलात?"

तरी आम्ही हट्टानं थोडं आणलंच. आणि सोमवारी दुपारी ते माझ्या गॅसवर चढवलं.

मेंढीची लोकर गरम पाण्यात पडली की तिला मेंढीचा वास येतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या सासूबाई, त्यांना मी मामी म्हणते, माळकरी आहेत. त्या देवघरातून माळ हातात घेऊनच उठल्या.

"माधुरी, गॅसवर काय हाय?"

"लोकर, मामी."

"लोकरीला मटनाचा वास?"

"अहो, ती मेंढीची हाय ना, म्हणून."

"म्हंजी मेंढीच हाय!"

त्या दिवशी मामींनी माझ्या स्वयंपाकघरातलं पाणीसुद्धा घेतलं नाही. केळी खाऊन राहिल्या. मी समजावलं की मामी, यातला रंग खायचा आहे. तर म्हणाल्या, "रंग खायचा असंल, भांडं न्हाई राहिलं खायचं!"

संध्याकाळी मिस्टर आले. दारातच नाक वर केलं. चेहरा असा उजळला की लग्नातसुद्धा मी इतका उजळलेला पाहिला नव्हता. मामी देवळात गेल्यात याची खात्री करून त्यांनी हळूच झाकण उचललं. आत बघत राहिले.

"माधुरी," ते म्हणाले, "हे नुसते केसच हायत गं!"

आणि रंगाचं म्हणाल तर काळं सूत काळंच राहिलं. आजोबांना ते आधीच दिसलं होतं.

* * *

शेवटी निर्मलानं मोबाईलवरून खरी, पांढरी, मऊ लोकर मागवली. पण एकदा फसलेल्या सुमनताई आता पार्सलवरचं लिहिलेलं थोडंच मानणार? त्यांनी एका व्हिडिओत पाहिलं होतं, खरी लोकर जाळली की केस जळाल्याचा वास येतो आणि खोटी वितळून तिची टणक गोळी होते. काडेपेटी काढून त्यांनी तिथंच एक धागा पेटवला. केस जळाल्याचा घाण वास आला आणि आम्ही चौघी आनंदानं ओरडलो.

पण काडेपेटी काही पिशवीत परत गेली नाही. सुमनताई दिसेल त्या लोकरीचा धागा ओढायला लागल्या. निर्मलाला भावानं भाऊबीजेला शाल दिली होती, शुद्ध लोकरीची म्हणून. सुमनताईंनी टोकाचा धागा पेटवला. टणक गोळी!

"भावानं फसवलं तुला," सुमनताई म्हणाल्या.

मग त्या भाभींच्या घरात अंथरलेल्या गालिच्याकडं बघायला लागल्या. भाभी गालिच्यावर जाऊन बसल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "ताई, तुमी काडी लावनेमें हुशार हौ, पन मेरे घर में नक्को लावू!"

* * *

आता पाण्याचा किस्सा. यात चोर मी ठरले होते.

खरी लोकर पिवळ्या पाण्यात ठेवली. सुमनताई जरा गॅलरीत जाऊन आल्या, बघतात तर लोकर पिवळी, पण भांड्यातलं पाणी नितळ! तळ दिसत होता.

"पाणी बदललंस तू."

"मी कशाला बदलू?"

"मग बाकीचा रंग कुठं गेला? एवढा लोकरीत मावतोय व्हय? मी माझ्या हातानं टाकलाय."

दुसऱ्या वेळी त्या गॅससमोर स्टूल टाकूनच बसल्या. नेमका अमोलचा फोन आला. त्या बोलायला खिडकीशी गेल्या, आल्या, तर पाणी नितळ! "बगा! माझी पाठ फिरली की हिनं साधलं!"

तिसऱ्या वेळी त्यांनी स्वयंपाकघराचं दार आतून लावलं. फोन बंद. आम्ही चौघी भांड्याभोवती. कुणी हलायचं नाही, कुणी कुणाला हात लावायचा नाही. भाभींना शिंक आली तर सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं. आणि आमच्या डोळ्यांसमोर पाणी हळूहळू फिकं होत गेलं आणि लोकर गडद होत गेली. जिलेबीसारखी पिवळीजर्द. रंग सगळा तिनं पिऊन टाकला होता.

सुमनताईंनी दवाखान्यातल्यासारखी पांढरी पट्टी काढली, लोकरीवरून घासली. पट्टी कोरी. पुन्हा घासली. कोरी.

"म्हंजी एकदा धरला की सोडत न्हाई म्हणायचं," त्या हळूच म्हणाल्या.

"हौ," भाभी म्हणाल्या, "तुमच्या संशयासारखाच!"

मला चोर म्हटल्याबद्दल त्या आजतागायत काही बोललेल्या नाहीत. मात्र त्यानंतर माझ्याकडचा चहा त्यांनी कधी हुंगला नाही, आणि मी त्यावर समाधान मानलं.

* * *

पल्लवीला मुलगी झाली. बारसं जरा उशिरा, ऐन थंडीत, तिच्या माहेरी मानवतला. सुमनताईंनी पिवळा स्वेटर आणि टोपडं विणून तयार ठेवलं होतं. जाताना गाडीत त्या पिशवी मांडीवर घेऊन बसल्या, आणि आम्हाला पुन्हा पुन्हा बजावत होत्या, "तिनं इचारलं तर निर्मला, तू सांगायचं. पाणी नितळ होतंय ते सांग. पट्टीचं सांग. मी बोलले की बिघडतंय."

पाळणा झाला, आत्यानं नाव ठेवलं, घुगऱ्या वाटायला सुरुवात झाली. सुमनताईंनी बाळंतविडा उघडला. कुंची, झबली, आणि वर तो पिवळा स्वेटर.

पल्लवीनं तो हातात घेतला. उलटा केला, शिवण पाहिली, नाकाशी नेला. मला वाटलं, घ्या! ही तर सासूचीच दुसरी कॉपी आहे.

"रंग कुठला, आई?"

"जिलेबीचा."

बायका हसल्या. पल्लवी हसली नाही. "जाणार नाही ना पण? ही आता मुठी, बाह्या, सगळं तोंडात घालते."

 निर्मलानं सांगायला तोंड उघडलं, तोच सुमनताईंनी हात वर करून तिला थांबवलं. पल्लवीच्या हातातून स्वेटर घेतला आणि त्याची एक बाही सरळ स्वतःच्या तोंडात कोंबली.

आणि चघळायला लागल्या. उसाचं कांडं चघळावं तशा! पल्लवीची आई घुगऱ्यांचं ताट धरून उभीच राहिली. अमोल "आई, आई" करत पुढं आला, त्यालाही हातानं अडवलं. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या, पण चघळणं थांबेना. बघवत नव्हतं मला.

मग बाही बाहेर काढली, पांढऱ्या साडीच्या पदरावर खसाखसा पुसली. पदर कोरा. आणि जन्मभर पेशंटना "जीभ दाखवा" म्हणणाऱ्या सुमनताईंनी सुनेपुढं स्वतःची जीभ बाहेर काढली.

पल्लवीनं वाकून जीभ पाहिली. पदर पाहिला. मग तिनं स्वेटर ओढून घेतला, कोरडी राहिलेली दुसरी बाही दातांत धरली, आणि चावता चावताच मोकळ्या हातानं बाळाच्या कुंचीची नाडी सोडायला लागली. नाडी सुटली. तिनं बाही तोंडातून काढली आणि सासूच्या डोळ्यांत बघत, अगदी सासूच्याच आवाजात म्हणाली,

"मीठ कमी हाय."