राखणदाराला दिलेला होकार

आमच्या घरात सगळे मला फटकळ म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. भाजीवालीपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत कुणाचीही हजेरी घ्यायला मला वेळ लागत नाही. नवरा म्हणतो, ‘देवानं तुझ्या तोंडाला दार लावायचंच विसरलंय.’ तर ह्या बिनदाराच्या तोंडाला ह्या वर्षी कुलूप लागलं. तेही माझ्या माहेरी, आणि त्याची लाज अजून गेलेली नाही.

रत्नागिरीहून पावस गावच्या रस्त्याला लागलं की मध्येच एक फाटा खाली उतरतो. तिथे नदीच्या काठाला आमची वाडी. नदी म्हणायचं आपलं, खरी ती खाडीच. भरतीला पाणी उलटं वर चढतं, पावसात गोडं होतं, उन्हाळ्यात पुन्हा खारट. घरं थोडी, आणि त्यातल्या बहुतेकांना कुलपं. शिमग्याला आणि गणपतीत मुंबईकर उतरतात तेव्हा वाडी गजबजते. एरवी चूल पेटते ती वरच्या घरातल्या दोघा भावांची आणि माझ्या चुलत काकाची. काकी जाऊन बरीच वर्षं झाली. काका एकटाच. गुडघे धरलेत, तरी पहाटे पागाचं जाळं खांद्यावर टाकून होडीत बसतो आणि दोन बोय मासे मिळाले तरी राजासारखा वर येतो.

माझे वडील गेले, मी एकुलती एक लेक, रत्नागिरीत दिलेली. बंद घर किती दिवस तग धरणार? एका पावसात कौलं गेली, पुढच्या पावसात भिंती बसल्या. उरलं ते चिऱ्याचं जोतं, विहीर आणि पाण्यापर्यंत उतरत गेलेली जागा. तिचा सातबारा माझ्या नावावर.

पूर्वी ह्या जागेकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. नदीकाठ म्हणजे डास, चिखल आणि मुसळधार पावसात उंबऱ्याशी आलेलं पाणी. काठावरच्या वाडीत मुलगी द्यायची म्हटली तरी लोक कां-कू करायचे. आता बघा! एजंट फोनवर म्हणतो, “ताई, रिव्हर टच आहे. सोनं आहे सोनं!” आमच्या खालच्या अंगाला कुणा मुंबईवाल्यानं घर बांधलंय, त्याला कॅमेरे लावलेत, आणि नदीच्या काठावर पोहायचा तलाव खणलाय. अरे बाबा, नदीला काय काटे आहेत? पण अशा लोकांमुळेच आमच्या चिखलाला भाव आला हेही खरं. मुलाला पुण्यात घर घ्यायचं होतं. आम्ही नवरा-बायकोनं बसून ठरवलं, जागा काढायची. त्याची मला लाज नाही. जागा माझी, कागद माझे, मुलगा माझा.

एजंट म्हणाला, “आधी रान बेणून घ्या. फोटो नीट निघायला हवेत.” म्हणून मी दोन गडी घेऊन गेले. आणि इथेच सगळं चुकलं.

आमच्या वाडीत विकायची जागा कुणी साफ करत नाही. ज्यांनी ज्यांनी विकल्या त्यांनी रानासकट विकल्या, रत्नागिरीत बसून सह्या केल्या, वाडीला कळलं ते थेट जेसीबी आल्यावर. जागा साफ करतो तो राहायला येणारा. काकानं घाणेरीचे ढीग बघितले, मोकळं झालेलं जोतं बघितलं, आणि त्याला जे वाटायचं ते वाटलं. मला त्यानं विचारलं नाही. तो विचारणारच नव्हता. लेक माहेरी आली की तिला ‘कशाला आलीस?’ असं विचारायचं नाही, ही आमच्याकडची रीत. विचारलं तर तिला वाटतं आपण नकोशा झालो. लेक आली, आनंद झाला, पाणी द्यायचं, बस.

काका घरात गेला आणि कोयती घेऊन आला. “थांब बाय, ह्या गड्यांना काय कळतंय? ते सुरंगीचं झाड तोडतील,” म्हणाला. मग वरच्या दोघा भावांना हाक मारली. तेही आले. माझे गडी मजुरीवर, आणि हे तिघे उन्हात फुकट राबत होते. कुंपणाच्या पडलेल्या गडग्याचे दगड परत चढवले, विहिरीतला पालापाचोळा काढला. मी मध्ये एकदा म्हटलं, “काका, राहू दे रे, कशाला एवढं?” तो म्हणाला, “गप गो. तुजा बापूस असता तर मला शिव्या घातल्या असत्यान, पोरीला एकटीला राबवलंस म्हणून.”

तेव्हाच सांगायचं होतं. ‘काका, मी राहायला येत नाही, विकायला आलेय.’ एवढंच तर वाक्य! पण त्यानं चहा आणला होता, गूळ घालून, आणि वाडीत आता संध्याकाळी बोलायला माणूस होईल असं काहीतरी तो भावांना सांगत होता. मी मूग गिळून बसले.

दुपारी काम आटपलं तेव्हा काका नारळ घेऊन आला. म्हणाला, राखणदाराला सांगायला हवं. आमच्या जागेच्या कोपऱ्यात, सुरंगीखाली, राखणदाराचा दगड आहे. जागेत काही नवं करायचं तर आधी त्याला गाऱ्हाणं घालायचं. घरातला मोठा माणूस बोलतो, आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार द्यायचा. होकार आला नाही तर गाऱ्हाणं अर्धं राहतं, पुढे पोचत नाही.

काकानं डोक्याला टॉवेल गुंडाळला, नारळ हातात धरला आणि सुरू झाला. “बा राखणदारा म्हाराजा, आज तुजी लेक परत आलीय रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” दोघे भाऊ.

“तिच्या बापाशीच्या जोत्यावर ती पुन्यांदा घर उभं करतेय. इथं दिवा लावतेय रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ती हितं राहील, तुला दरसाल नारळ देईल. तिच्या पायात काटा मोडू देऊ नको, तिला काय इडापिडा असंल ती भायेर काढ रे म्हाराजा!”

भाऊ म्हणाले. मग काकानं मान वळवून माझ्याकडे बघितलं, कारण ज्याच्यासाठी गाऱ्हाणं, त्यानंही म्हणायचं असतं. आणि मी म्हटलं. चांगलं खणखणीत म्हटलं, “व्हय म्हाराजा!”

देवावर माझा फार विश्वास आहे असं नाही. तरी घरी येताना गाडीत अंग गरम झालं होतं. घरी पोचल्यावर नवरा म्हणाला, “ऊन लागलं असेल.” मी म्हटलं, “असेल.”

पुढे काय सांगू? काकानं जोत्याच्या कडेला माडाची रोपं लावली. विहिरीचं पाणी रोज शेंदून घालायचा, त्या गुडघ्यांनी. शनिवारी आम्ही गेलो की बोय तयार. एकदा तर खडकावरची कालवं फोडून ठेवली होती, माझ्या नवऱ्याला आवडतात म्हणून. नवरा मिटक्या मारत जेवला आणि गाडीत बसल्यावर विचारलं, “सांगितलंस?” मी त्याच्यावरच खेकसले, “तुला एवढी घाई आहे तर तू सांग! खाताना बरी जीभ चालते!” बिचाऱ्यानं गाडी सुरू केली. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण इथे खाल्लं त्यानं आणि खवखव मला.

एक गोष्ट मी मुद्दाम डोक्याबाहेर ठेवली होती. काकाचं घर आमच्या मागे आहे. त्याच्या जागेला नदी लागत नाही. त्याची पाण्याकडे उतरायची वाट आमच्या जागेतून जाते, जोत्याला वळसा घालून खाली, जिथे त्याची होडी बांधलेली असते. त्याच्या बापाच्या काळापासून. ती वाट सातबाऱ्यावर नाही, नकाशात नाही. मी एजंटला विचारलं होतं. तो म्हणाला, “कागदावर वाट नाही ना? मग विषय संपला.” आणि मलाही विषय संपलेलाच हवा होता.

मग गिऱ्हाईक आलं. नवरा-बायको, मुंबईचे, माणसं वाईट नव्हती. जोत्यावर उभं राहून बाई म्हणाली, “किती शांत आहे!” शांत असणारच, वाडीच बंद आहे. एवढ्यात काका आला. पाहुणे दिसल्यावर तो थांबतोय कसला? शहाळी घेऊनच आला. मला म्हणाला, “पाव्हणे काय गो?” मी म्हटलं, “ओळखीचे आहेत.” तेही खोटं. त्यांना मी पहिल्यांदाच बघत होते.

काका जोत्यावर बसून शहाळं तासू लागला. गृहस्थ जरा फिरून आले आणि मला विचारलं, “ही पायवाट कसली? कोणाचा जाण्यायेण्याचा हक्क वगैरे आहे का? कारण आम्ही सगळीकडून कंपाउंड घालणार.”

काका तिथेच होता. हाताच्या अंतरावर. मी इतकी वर्षं जगाशी भांडले, आणि त्या घटकेला मला एक शब्द सुचू नये? नाही, सुचला. मी म्हटलं, “तसं काही नाही. अशीच पडलेली जुनी वाट आहे. बंद करता येईल.”

कोयती थांबली नाही. काकानं शहाळ्याचं तोंड उडवलं, उठला, आणि पहिलं शहाळं त्या बाईच्या हातात दिलं. दुसरं गृहस्थांना. तिसरं मला. “घे बाय, ऊन हाय,” म्हणाला. मग कोयती टॉवेलला पुसली आणि घराकडे चालू लागला. ते शहाळं मी तसंच जोत्यावर ठेवलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लहानपणी कीर्तनात ऐकलं होतं. ते तेव्हा कळलं.

सौदा ठरला. मी गृहस्थांना फोन करून म्हटलं, मागच्या बाजूला म्हाताऱ्यासाठी एक लहान फाटक ठेवाल का? ते म्हणाले, “बघू.” ‘बघू’ म्हणजे काय ते मला कळतं. मीसुद्धा लोकांना तसंच सांगते.

सह्या करायच्या आदल्या दिवशी मी एकटी गेले. वाटेत शब्द जुळवत होते. मुलाचं घर, आजकालचे खर्च, आपल्याकडे आता राहतंय कोण. वाडीत उतरले आणि आधी नदीकडे नजर गेली. होडी नव्हती. काका म्हणाला, वरच्या अंगाला ओढा मिळतो तिथे नेऊन बांधली. तिथपर्यंत चालायचं म्हणजे धडधाकट माणसाचाही दम निघतो. माडाची रोपंही त्यानं मातीसकट उपटून गोणपाटात बांधली होती. “कंपाउंडाच्या पायात जातील उगीच. तुज्या पोराला दे, लावंल खंय तरी.” पुण्यात, पाचव्या मजल्यावर!

मी रडायला लागले. म्हटलं, “काका, मी तुला सांगणार होते रे.”

“बस. पाणी पी,” तो म्हणाला. मग डोक्याला टॉवेल गुंडाळला. “पण राखणदाराला सांगाया हवं. आपण त्याच्याकडं एक बोललो, आता येगळं होतंय. तो रागावला तर तुला तरास.”

सुरंगीखाली आम्ही दोघंच. मी विचारलं, “ते दोघे भाऊ नाही आले?”

“मीच नाय बोलावलं. चार माणसांत तुजं नाव कशाला?”

त्यानं नारळ धरला. आवाज त्या दिवशीसारखा मोठा नव्हता. “बा राखणदारा म्हाराजा, ही तुजी लेक जागा सोडून जातेय. जिथं जाईल तिथं तिला सुखी ठेव रे म्हाराजा.”

मी म्हटलं, “व्हय म्हाराजा.”

“जो नवा येईल त्याला सांभाळून घे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“आणि मागल्या टायमाला हितं जो खोटा शबूद गेला, तो तिचा नाय. चूक माजी. मी पोरीला इचारलं नाय, मीच मनानं ठरवलं आणि तिच्या तोंडात घातलं. त्याचा दोष तिच्यावर ठेवू नको, माज्या पदरात घाल रे म्हाराजा.”

आणि तो थांबला. होकार द्यायला तिथे दुसरं कुणी नव्हतं. त्यानं नारळ पुढे धरला होता, डोळे मिटलेले होते, आणि मी बोलल्याशिवाय तो ते उघडणार नव्हता. मी गप्प राहिले असते तर त्यानं माझ्यासाठी मागितलेलं सगळंच अर्धं राहिलं असतं. ‘नाही काका, चूक माझी’ असं म्हणता आलं असतं. ते एक वाक्य मी आजवर शंभर वेळा म्हटलंय, स्वयंपाक करताना, गाडीत, अंघोळीला.

तिथे मी म्हटलं, “व्हय म्हाराजा.”