दुसऱ्याच्या विषयाचा गुरुवार

आमच्या बाई इतिहासाच्या, त्यातही जुन्या बंदरांच्या. मध्ययुगाच्या अभ्यासाचा आमचा विभाग त्यांनी भांडून उभा केला. भांडण हा त्यांचा जोडधंदाच म्हणा ना. मी वनस्पतिशास्त्रातली, गाळात सापडलेल्या जुन्या बिया ओळखणारी. माझ्या मूळ विभागात मला कुणी हिंग लावूनही विचारत नव्हतं. बाईंनी बोलावून घेतलं. आठशे वर्षांपूर्वी बुडालेल्या एका गलबतावर आम्ही चौघं काम करायचो: बाई, मी, व्यापाऱ्यांची अरबी पत्रं वाचणारे भाऊसाहेब आणि चिनी वाडग्यांची झिलई तपासणारी रसायनवाली.

बाईंचा नियम एकच. गुरुवारच्या बैठकीत आपलंच घोडं पुढे दामटायचं नाही. दुसऱ्याचा विषय समजून घेऊन तो मांडायचा. या वयात झिलई शिकू का, म्हणून भाऊसाहेबांनी नाक मुरडलं. बाईंनी दाद दिली नाही.

मग वरून फर्मान आलं: विभाग बंद, प्रत्येकानं आपापल्या शास्त्रात परत जावं. कुणाला कुठे धाडायचं ते ठरवायला एक साहेब आले, नेमके गुरुवारी. आज तरी ज्यानं त्यानं आपलंच मांडू या, अशी आम्ही बाईंना गळ घातली. त्या ऐकतील तर शपथ.

भाऊसाहेब झिलईवर बोलले, रसायनवाली अरबी पत्रांवर, मी बाईंच्या बंदरांवर आणि बाई माझ्या मिरीच्या दाण्यांवर. साहेबांनी मन लावून ऐकलं आणि तिथल्या तिथे वाटणी केली. भाऊसाहेब रसायनशास्त्रात, रसायनवाली भाषेत, मी इतिहासात. बाईंना म्हणाले, "तुम्ही वनस्पतिशास्त्रात जा. बियांत जन्म घालवलेलं माणूस लगेच ओळखू येतं."

भाऊसाहेबांना हसू आवरेना. बाईंनी खरा प्रकार सांगितला तेव्हा साहेब चक्रावलेच. "मग तुम्हाला वेगळं करायचं तरी कसं?"

"मिरी, वाडगे आणि माणसं एकाच गलबतात बसून निघाली होती," बाई म्हणाल्या. "आम्हालाही एकाच खोलीत राहू द्या."

विभाग राहिला. बाकीचे त्या आनंदात होते, आणि मी जिन्यात उभी राहून रडत होते. ज्या बियांना कुणी विचारत नव्हतं, त्यांच्याबद्दल बाई इतक्या मायेनं बोलल्या होत्या. तसं मी स्वतःही कधी बोलले नव्हते.