सरकीचा पाव्हणा

आमचे हे झाडावर चढतात आणि मी खाली उभी राहून दोर धरते. आमचा धंदा एवढाच. कळंबात किंवा आसपासच्या गावांत कुणाच्या घरावर फांदी झुकली, कुणाचा कडुनिंब विजेच्या तारेला टेकला, की आम्हाला बोलावणं येतं. विहारासमोरच्या पिंपळाची वाळलेली डांग, म्हणजे मोठी फांदी, उतरवली तेव्हापासून आम्ही या कामात आहोत. त्या वेळी आमच्याकडे एक कुऱ्हाड आणि विहिरीचा दोर होता. पुढे झाडांची निगा शिकवणारी एक संस्था आहे असं कळलं. तिचं प्रशिक्षण घेतलं, परीक्षा दिली, आणि दोघांच्याही गळ्यात फोटो लावलेलं कार्ड आलं. त्यावर ‘वृक्षनिगा तज्ज्ञ’ असं छापलेलं आहे. लोक मात्र अजून आम्हाला फांदीवालेच म्हणतात.

हे कार्ड एकदा मिळालं की जन्मभर पुरतं असं नाही. काही वर्षांनी उजळणीच्या वर्गाला जावं लागतं, नवीन शिकलेलं करून दाखवावं लागतं, आणि चार लोकांना झाडाविषयी दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगाव्या लागतात. ते केलं नाही तर कार्ड बाद, आणि मोठी कामं तर कार्ड पाहूनच मिळतात.

त्या वर्षी उजळणी घाटंजीला ठेवली होती, तीही बाजाराच्या दिवशी, म्हणजे जनजागृतीसाठी जन गोळा करायला नको. शिकवणाऱ्या मॅडमचा आधी फोन आला. या वेळी झाडावर चक्कर आलेल्या माणसाला खाली कसं आणायचं ते करून दाखवायचं होतं. प्रत्येक जोडीनं आपापला रुग्ण घेऊन यायचा, म्हणजे माणसाच्या वजनाचा बाहुला.

बाहुला शिवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी सासऱ्यांचा जुना शर्ट आणि फुलपँट घेतली आणि आत सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, भरलं. यांनी तो एका हातानं उचलून दाखवला. मग रेती भरली, तर तो कुणालाच उचलेना. शेवटी घरात म्हशीसाठी आणलेली सरकी होती, ती भरली आणि वजन बरोबर जमलं. डोक्याला उशीचा कापूस घातला. नाक-डोळे मी मार्करनं काढले, आणि मिशी काढल्यावर लक्षात आलं की चेहरा थेट सासऱ्यांसारखा झाला आहे. सासरे बाजेवर बसून सगळं बघत होते. मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी बाहुल्याला बराच वेळ न्याहाळलं आणि ते म्हणाले, “मिशी जराशी वर पाह्यजे.” मी मिशी वर केली. तेव्हापासून घरात सगळे त्याला पाव्हणे म्हणायला लागले.

सकाळी निघालो. एसटीनं नेलं असतं, पण कंडक्टरनं पाव्हण्यांचं तिकीट मागितलं असतं असं यांना वाटत होतं. म्हणून मोटारसायकल. हे पुढे, मधे पाव्हणे, मागे मी, आणि माझ्या पाठीवर दोरांची पिशवी. पाव्हण्यांची मान सारखी लुळी पडत होती. ती सरळ राहावी म्हणून मी झाडावर चढायचं एक हेल्मेट त्यांच्या डोक्यावर घट्ट बसवलं आणि मागून धरून ठेवलं. रस्त्यात दोन ओळखीच्या माणसांनी हात जोडून त्यांना नमस्कार केला. आम्ही थांबलो नाही. थांबून काय सांगणार?

यवतमाळच्या चौकात हवालदारानं गाडी बाजूला घ्यायला लावली. तो जवळ आला आणि पाव्हण्यांकडे बघून समजुतीच्या आवाजात म्हणाला, “बाबाजी, उतरा. तीन सीट चालत नाही.”

पाव्हणे उतरले नाहीत. हवालदारानं पुन्हा सांगितलं. मी म्हणाले, “साहेब, त्यायले ऐकू येत नाही.” हे खरंच होतं, पण सांगायची वेळ चुकली. कारण तो बिचारा वाकला आणि पाव्हण्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यांदा ओरडला. चौकातले सगळे बघायला लागले. मग त्यानं आधार द्यायला म्हणून त्यांच्या दंडाला हात लावला. हात आत गेला. तो झटकन मागे सरकला आणि माझ्याकडे पाहू लागला.

“सरकी हाये,” हे म्हणाले.

हवालदारानं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि तो विचार करायला लागला. माणूस धरला तर तीन सीटचा गुन्हा होत होता, आणि माल धरला तर मालानं हेल्मेट घातलं होतं. शेवटी तो म्हणाला, “तुमच्या तिघात कायदा पाळून राह्यला तो हा एकटाच.” आम्हाला हेल्मेट घालायला सांगितलं. आमच्या यांना खोटं सहन होत नाही. त्यांनी सांगून टाकलं की ही हेल्मेटं झाडावरची आहेत, रस्त्यावरची नाहीत. हवालदार म्हणाला, घाला म्हणतो ना. पाव्हण्यांचं हेल्मेट यांनी घातलं, पिशवीतलं मी घातलं.

आम्ही झाडवाले आहोत म्हटल्यावर त्याला आपल्या दारातला कडुनिंब आठवला. शेजारी म्हणत होता, वादळात घरावर पडेल, शेंडा उडवून टाक. हे गाडीवरून उतरले आणि टाकीवरच्या धुळीत बोटानं झाड काढून दाखवू लागले. “शेंडा तोडला तर झाड लगेच मरत नाही, चिडते,” हे म्हणाले. “मंग जागोजागी कच्च्या फांद्या फेकते, अन् वादळात त्याच पडतात. वाळलेलं तेवढं काढा, दाटी विरळ करा, मुंडकं नका उडवू.” हवालदारानं फोनमध्ये टाकीचा फोटो काढून घेतला. मी मनात म्हटलं, आपली जनजागृती तर इथंच झाली. पुढच्या प्रवासात पाव्हण्यांचं मोकळं डोकं यांच्या खांद्यावर टेकून राहिलं, झोप लागल्यासारखं.

घाटंजीला बाजाराच्या कडेला एक मोठी चिंच आहे. तिच्याखाली मॅडम उभ्या होत्या. बाई अगदी शिस्तीची, पण मनापासून शिकवणारी. आमच्याशिवाय आणखी दोन जोड्या आल्या होत्या. त्यांचे रुग्ण म्हणजे रेतीची पोती, आणि आमचे पाव्हणे पाहून ती माणसं पोत्यांसमोर आडवी उभी राहिली. आधी वर्ग झाला. फांदी खोडाला मिळते तिथं सुजल्यासारखा भाग असतो, तो कापायचा नाही, त्याच्या बाहेरून कापायचं, म्हणजे झाड आपली जखम आपण भरून काढतं. हे आम्हाला ठाऊक होतं, पण मॅडमनी कापलेल्या लाकडाचे तुकडे आणून जखम आतून कशी भरते ते दाखवलं, तेव्हा मी ते पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

मग रुग्णाची पाळी आली. पहिला नंबर आमचा. यांनी पाव्हण्यांना दोरानं वर ओढलं, एका बेचक्यात बसवलं, कमरेला पट्टा बांधला, हेल्मेट घातलं, आणि हे खाली आले.

बाजारातल्या लोकांचं लक्ष गेलं. वांगी विकणारी एक म्हातारी दुकान सोडून माझ्याजवळ आली आणि तिनं विचारलं, तो बुढा वर काहून चढला? मी म्हटलं, आम्हीच चढवला. तिनं मला नखशिखांत पाहिलं. “सासऱ्याले झाडावर चढवते काय, पोरी?” मी घाईघाईनं सांगितलं की ते सासरे नाहीत, ते सरकीचे आहेत. म्हातारीला ते ‘सरकीवाले’ असं ऐकू आलं. तिनं तसंच पुढे सांगितलं. थोड्याच वेळात बाजारभर झालं की सरकीचा व्यापारी चिंचेवर चढून बसला आहे आणि उतरून नाही राह्यला. दोन शेतकरी झाडाखाली येऊन वर तोंड करून भाव विचारू लागले. व्यापारी उत्तर देईना, तेव्हा एक जण दुसऱ्याला म्हणाला, भाव वाढणार असंन.

हे वर गेले. पाव्हण्यांची मान तपासली, आपल्या पट्ट्याला त्यांचा पट्टा जोडला, आणि दोघं मिळून हळूहळू खाली यायला लागले. सगळं पुस्तकाप्रमाणे चाललं होतं. मधेच पाव्हण्यांची पँट एका तुटक्या खुंटात अडकली. यांनी जरासा हिसका दिला, आणि माझी शिवण मांडीपासून घोट्यापर्यंत उसवली. सरकीची धार लागली.

पहिल्यांदा ती दोन्ही शेतकऱ्यांच्या डोक्यावर पडली. त्यांनी मूठभर उचलून दाताखाली चावून पाहिली आणि माल चांगला आहे असं एकमेकांना सांगितलं. मग बकऱ्या आल्या. बाजारातल्या बकऱ्यांना बोलवावं लागत नाही. त्यांच्यामागे एक गोऱ्हा आला, आणि त्यानं सगळ्यांना बाजूला सारून झाडाखाली जागा धरली. मी एका हातानं दोर धरून दुसऱ्या हातानं त्याला हाकलत होते. तो मला मोजतच नव्हता. यांचे पाय जमिनीला लागले तेव्हा पाव्हण्यांचा एक पाय रिकामा होऊन लोंबत होता आणि एक बकरी तो पाय चघळत होती.

मॅडमनी शांतपणे सगळं पाहिलं आणि सांगितलं की रुग्ण पूर्ण खाली आणायचा असतो. एक शेतकरी आमच्या बाजूनं भांडायला लागला, की माणूस वाचला हे काय कमी आहे? मॅडम म्हणाल्या, पुन्हा करून दाखवा. दुसऱ्यांची पोती मागितली, पण त्यांचीही परीक्षा बाकी होती. मग यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नाही म्हटलं. तरी पट्टा माझ्याच कमरेला बांधला गेला.

मी खाली राहणारी बाई. प्रशिक्षणात चढले होते, पण त्यालाही वर्षं झाली होती. दोर छातीशी धरून, खाली न बघता, कशीबशी त्या बेचक्यात जाऊन बसले. श्वास परतल्यावर डोळे उघडले. बाजारावर टाकलेली निळी-पिवळी प्लास्टिकं, वांग्यांचे ढीग, पलीकडे कपाशीची शेतं आणि त्यांच्याही पलीकडे धुरकट टेकड्या. चिंचेच्या पानांतून वारा येत होता. काम संपल्यावरही हे वर का बसून राहतात, यावरून मी कितीदा भांडले होते. तिथं बसल्यावर मलाच खाली यावंसं वाटेना.

तेवढ्यात हे वर पोचले. मॅडमनी खालून सांगितलं की रुग्ण बेशुद्ध आहे. मी डोळे मिटले, मान टाकली. यांनी माझा पट्टा कडीनं आपल्या पट्ट्याला जोडायला घेतला. मी एक डोळा किलकिला करून पाहिलं.

“कडी उलटी लावून राह्यले तुमी,” मी हळूच म्हटलं.

“तू बेशुद्ध हायेस.”

“हावो, पण कडी उलटी हाये.”

खालून मॅडमचा आवाज आला, “ताई, बेशुद्ध माणूस बोलत नाही.” वांगीवाली म्हातारी म्हणाली, बायको असंन तर बोलते. लोक हसले. यांनी कडी पाहिली, काढली, सरळ लावली. उतरताना मी ओठ घट्ट मिटून घेतले होते, तरी हसू पोटातून येत होतं आणि त्या हसण्यानं दोघंही दोरावर झुलत होतो. यांनी मला विनवलं की निदान जमिनीपर्यंत तरी मर. शेवटी दोन्ही पायांसकट मी खाली आले.

मॅडमनी दोघांनाही पास केलं. कडी रुग्णानं तपासली याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, फक्त पुढच्या वेळी चढणाऱ्यानं स्वतः दोनदा तपासावी असं यांना सांगितलं. हे कान लाल करून उभे होते.

एवढी गर्दी जमलेलीच होती, तेव्हा मॅडम मला म्हणाल्या, तुम्हीच बोला. मी आयुष्यात कधी भाषण केलं नव्हतं. झाडाला खिळे ठोकू नका म्हटलं. बुंध्याभोवती सिमेंट ओतू नका, त्याच्या मुळांनाही श्वास लागतो. शेंडा उडवू नका. आणि उंच फांदी तोडायला पट्टा नसलेल्या माणसाला चढवू नका, स्वस्त पडतं म्हणून तर मुळीच नाही, तोही कुणाच्या घरचा असतो. शेवटी काही विचारायचं असेल तर विचारा म्हटलं, तर मागून एकानं विचारलं, सरकी कुठून घेतली?

संध्याकाळी परत निघायच्या आधी त्या म्हातारीनं मला वांगी दिली आणि आपल्या आवारातल्या आंब्याबद्दल विचारलं. एक डांग पत्र्यावर घासते, सून म्हणते झाडच तोडा. मी तिला नंबर दिला. पुढच्या आठवड्यात तिनं खरंच बोलावलं. हे वर चढले, मी दोर धरला, आणि म्हातारी खुर्ची टाकून खाली बसली. यांनी करवत लावायच्या आधी तिनं मला विचारून घेतलं, कडी पाहिली काय.

“पाहिली, माय,” मी म्हणाले.

ती म्हणाली, मंग चालू द्या.